पाटकऱ्याचा हिलाल

हिलालबद्दल मी चांगलं लिहावं असं कुणाला वाटत असेल तर त्याने दुसऱ्या कुणाला तरी सांगावं. आमच्या गावात असे पुष्कळ सापडतील. मी लिहितोय ते मला राहवत नाही म्हणून. परवा मी पुण्याला इंजिनिअरिंग कॉलेजात जाणार आहे, चाळीसगावला गाडी बदलायची आहे, आईने ट्रंकेत लाडूंचा डबा आत्ताच ठेवून दिला आहे, आणि माझ्या डोक्यात मात्र हिलालच आहे. एकोणीस वर्षांत तो तिथून कधी हलला असं मला आठवत नाही.

आमचं गाव धुळ्याच्या वरच्या अंगाला, पांझरेच्या काठी. नदीवर दगडी बंधारा, बंधाऱ्यातून निघालेला पाट आणि पाटाखाली फड. फड म्हणजे जमिनीचा मोठा तुकडा. त्यात वीस-पंचवीस जणांची वावरं असतात, पण पीक सगळ्यांनी एकच घ्यायचं. एका फडात ऊस, दुसऱ्यात गहू. आणि सगळ्यात मोठा नियम असा की मालकाने आपल्या वावराला आपण पाणी द्यायचं नाही. फावड्याला हात लावायचा नाही. पाणी देणार पाटकरी. त्याचं स्वतःचं वावर फडात नसतं, म्हणून त्याला आपलं-परकं नसतं. हे माझे वडील, झुलालनाना, मला लहानपणापासून सांगत आले. नाना गावचे पाटील आणि फडाच्या पंचांतले मुख्य. आणि पाटकरी होते निंबाआबा, म्हणजे हिलालचे वडील.

आम्ही दोघं एका वयाचे. गावच्या शाळेत एका बाकावर, पुढे धुळ्याला हायस्कुलात एका वर्गात. तो पहिला, मी दुसरा. कधी तो पहिला, मी चौथा. मी पहिला आणि तो दुसरा असं एकदाच झालं, त्या वर्षी त्याला गोवर निघाला होता. घरी निकाल दाखवला की नाना आधी विचारायचे, "हिलालना कितवा नंबर?" माझा नंबर नंतर. मी पाटलाचा मुलगा, माझ्या अंगावर धुवट सदरा, त्याच्या सदऱ्याला कोपरावर ठिगळ. तरी नाना ओट्यावर त्याला शेजारी बसवून घेत आणि मला पाणी आणायला आत पाठवत. मी पाणी आणत असे. तांब्यात थुंकावं असंही मनात येऊन गेलं आहे, ते लपवत नाही.

जळगावला नवं कॉलेज निघालं तेव्हा आम्ही दोघंही तिथे गेलो. घेवरचंदशेठच्या कापडदुकानामागे एक खोली होती, ती दोघांत घेतली. ही नानांचीच कल्पना. "तो संगे ऱ्हायना तं तू अभ्यास करशी," असं ते म्हणाले होते. जेवायला धुरपदाबाईंची खानावळ. धुरपदाबाई मला भरीत वाढताना पळी झटकायच्या आणि हिलालला वाढताना पळी भरून वाढायच्या. ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीचा कडक पापुद्रा नेमका त्याच्या ताटात पडायचा. त्याने मागितलेला नसायचा. मागितला असता तर मला त्याच्यावर रागावता तरी आलं असतं.

इंटर सायन्सच्या वर्षाला घोडामैदान जवळ आलं. पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात जागा मोजक्या, आणि त्या इंटरच्या मार्कांवर मिळायच्या. मला ती जागा हवी होती. हिलाललाही हवी होती. त्याला बंधारे बांधायचे होते, मला एवढंच हवं होतं की नानांनी मला शेजारी बसवून घ्यावं.

पहिल्या टर्मला डिफरन्शियल कॅलक्युलस झालं. ते मला जमलं. नियम पाठ करायचे आणि लावत जायचे. मी तेव्हा हिलालच्या बरोबरीने चालत होतो. दिवाळीला घरी गेलो तेव्हा माझी मान ताठ होती. मग दुसरी टर्म सुरू झाली आणि इंटिग्रेशन आलं. तिथे माझी गाडी अडली. नियम होते, पण कोणता कुठे लावायचा ते कळेना. गणिताचे सर फळ्यावर एक वाकडी रेघ काढत, तिच्याखाली उभ्या पट्ट्या पाडत आणि म्हणत, या पट्ट्यांची बेरीज. कशाची बेरीज, ते मला समजत नव्हतं, आणि विचारायची लाज वाटत होती.

एके दिवशी सरांनीच विचारलं, "ही बेरीज म्हणजे नक्की काय, कुणी सांगेल?" वर्गात सत्तावन्न मुलं. कुणी बोलेना. मागच्या बाकावरून हिलाल उठला. त्याचं इंग्रजी अडखळत असे, म्हणून त्याने मराठीतच सांगितलं. "सर, पाटाला सकाळी पाण्याचा जोर असतो, दुपारपर्यंत तो कमी होत जातो. वावरात एकूण किती पाणी गेलं ते काढायचं तर एका वेळचा जोर धरून चालत नाही. घटकेघटकेचं पाणी मोजायचं आणि मिळवायचं. घटका जितकी लहान धरू तितकी बेरीज खरी."

सरांनी खडू टेबलावर ठेवला. "बस खाली," म्हणाले, आणि थोड्या वेळाने, "मी पुण्यात शिकलो, मला असं कुणी सांगितलं नव्हतं."

माझ्या पोटात जे दुखायला लागलं ते त्या दिवसापासून थांबलं नाही. मी बाराखडीपासून गिरवत यायचं आणि याने बापाच्या फावड्यावरून उत्तर उचलायचं. ते पाणी तर आमच्या वावरात जात होतं. मी जन्मभर बांधावर बसून ते पाहिलं होतं. मला ते का दिसलं नाही?

जानेवारीच्या अखेरीला गावाहून निरोप आला. निंबाआबांचा उजवा हात लुळा पडला होता. बंधाऱ्यावर काम करताना खाली बसले, ते उठताना हात उचलवेना. गव्हाला पाणी द्यायच्या पाळ्या चालू होत्या. पाटकऱ्याच्या घरातलं माणूस पाण्यावर नसेल तर फड उपाशी राहील, म्हणून हिलालला जावं लागलं. जाताना त्याने मला एवढंच सांगितलं, "सर जे शिकाडतीन ते मनी वहीमा उतारी ठेव, भाऊ." स्वतःची कोरी वही आणि एक पेन्सिल त्याने माझ्या उशाशी ठेवली.

तो अठरा दिवस गावी होता. त्या अठरा दिवसांत मला खोली मोठी वाटली आणि धुरपदाबाईंनी मला पापुद्रा वाढला. सर त्याच्या रिकाम्या जागेकडे पाहून शिकवत, त्याकडे मी लक्ष दिलं नाही. मी त्याच्या वहीत सगळं नीट उतरून घेतलं, शब्द न् शब्द. ग्रंथालयात त्या विषयाचं एकच पुस्तक होतं, तेही मी माझ्या नावावर घेऊन ठेवलं.

तो येणार त्याच्या आदल्या दिवशी दुपारी मी वही उघडून बसलो. इंटिग्रेशनच्या प्रत्येक उत्तराच्या शेवटी एक स्थिरांक मिळवायचा असतो. सगळे त्याला कॉन्स्टंट म्हणायचे. तो लिहिला नाही तर उत्तर अपुरं, मार्क कापला जातो. आणि हौदाची, टाकीची उदाहरणं असतात, त्यात तर तो नसला की सगळंच चुकतं. सरांनी हे त्याच अठरा दिवसांत समजावून सांगितलं होतं. मी रबर घेतलं आणि प्रत्येक उत्तराच्या शेवटचा कॉन्स्टंट खोडला. पानांमागून पानं. तो समजावून सांगितलेला परिच्छेदही खोडला आणि त्या जागी एक सोपं उदाहरण लिहून टाकलं. मग रबराची भुकटी फुंकून उडवली आणि वही त्याच्या उशाशी ठेवली.

खोटं कशाला बोलू, त्या दिवशी जेवण छान लागलं.

हिलाल परत आला तो काळवंडून. तळहात फुटलेले, नखांत चिखल. त्याने वही घेतली, "बठ्ठं, सगळंच लिखी ठेवं तू," म्हणाला, आणि डोळे भरून आले म्हणून भिंतीकडे वळला. दुसऱ्या दिवशी सकाळी शेठच्या दुकानामागच्या अंगणात, उन्हात बसून त्याने वही वाचली. मी खोलीतून पाहत होतो. तो पान उलटायचा, थांबायचा, वही जरा तिरपी करायचा आणि पुढे जायचा. दोन तास तो तसाच बसला होता. मग त्याने मला हाक मारली.

मी गेलो. त्याने वही मिटून बाजूला ठेवली होती आणि हातात एक काटकी होती.

"अभिमन, बस," तो म्हणाला. "तुले हाई समजनं नही वाटतं. मी दखाडस."

मला वाटलं, धरणी दुभंगावी. याला वाटलं मला समजलं नाही! याला वाटलं, मी बिचारा सरांचं अर्धवट ऐकून अर्धवट उतरवतो! मी म्हणू शकलो असतो की मला समजलं आहे, मी मुद्दाम केलं. पण ते म्हणण्यापेक्षा मठ्ठ ठरणं सोपं होतं. मी बसलो.

त्याने जमिनीवर काटकीने चौकोन काढला. "हाई वावर. पाणी सोडाना आगोदर वावरमा काही पाणी ऱ्हास का नही? काल पाळी व्हयेल ऱ्हास, ओल ऱ्हास. मंग तू पाणी सोडं, घटकेघटकेनी बेरीज करी. पन वावरमा आते एकूण किती पाणी शे? बेरीज जी उनी ती, आनि पह्यलेनं जे व्हतं ते. ते पह्यलेनं धरं नही तं हिशोब खोटा." मग त्याने चौकोनाच्या तळाशी एक आडवी रेघ मारली. "हाईच ते. दर येळे मिळाडानं."

सरांनी जे पाऊण तास सांगितलं होतं ते याने, तो तास न बसता, वावराच्या ओलीवरून काढलं होतं. आणि मला, ज्याने तो तास ऐकला होता, ते त्या क्षणी पहिल्यांदा खरोखर समजलं. मी नुसता नियम उतरवला होता. तो का आहे हे मला माहीतच नव्हतं. हे लिहिताना आजही माझ्या नाकाला मिरच्या झोंबतात.

त्यानंतर तो रोज सकाळी मला शिकवू लागला. मी नको म्हणू शकलो नाही, कारण मला परीक्षा पास व्हायची होती. मी शिकत होतो आणि त्याचा अधिकाधिक राग करत होतो. माझ्यासाठी त्याचा तासभर जातो, तरी तो माझ्या पुढेच असतो, हे कुठल्या न्यायाने? शिकवताना तो कधी थकत नसे. तेच तेच चार वेळा सांगे. मला चिडायला तेवढंही कारण त्याने दिलं नाही.

एप्रिलमध्ये परीक्षा झाली. दुसऱ्या पेपरला एक हौदाचा प्रश्न होता. हौदात आधीच काही पाणी होतं. मी अंगण आठवलं, चौकोन आठवला, तळाची आडवी रेघ आठवली, आणि उत्तर लिहिलं.

मग आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, आली. आमच्याकडे आखाजी म्हणजे वर्षाचा उंबरठा. घरोघर सांजोऱ्या, लेकी माहेरी, झाडांना झोके. आणि त्याच दिवशी फडाची बैठक. पाटकरी, रखवालदार, सगळ्यांची वर्षाची बोली आखाजीला ठरते आणि पुढच्या आखाजीपर्यंत कुणी शब्द मोडत नाही. बैठक महादेवाच्या देवळासमोर भरली. निंबाआबांचा हात तसाच लुळा होता. ते डाव्या हाताने उजवा हात मांडीवर धरून बसले होते. हिलाल त्यांच्या मागे उभा होता.

नाना म्हणाले, पाटकरीपण निंबाच्या घरातच राहावं. हिलालने पाण्याचं काम हाती घ्यावं. पण हा पोरगा कॉलेजात आहे. याला पुण्याला जागा मिळणार असेल तर फडाने एक वर्ष शेजारच्या गावचा माणूस आणून चालवून घ्यावं, याला अडकवू नये. निकाल लागायला अजून महिना, आणि बोली तर आजच ठरायची. पंचांनी माना हलवल्या. पंचांतलं कुणीच कॉलेजात गेलेलं नव्हतं, आणि हिलाल स्वतःबद्दल काही सांगणारा नव्हता. नाना माझ्याकडे वळले.

"अभिमन, तू त्याना वर्गमा शे. तूच सांग. याले पुण्याले जागा भेटई का?"

सगळ्या बैठकीने माझ्याकडे पाहिलं. जन्मात पहिल्यांदा नानांनी मला काही विचारलं होतं ज्याचं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं. मला फक्त खरं बोलायचं होतं. याला नाही मिळाली तर कुणालाच मिळणार नाही, एवढं एक वाक्य. ते माझ्या ओठांपर्यंत आलं. आणि मग मला दिसलं की पुण्यालाही एका खोलीत आम्ही दोघं, तो पहिला, मी चौथा, आणि सुट्टीत नाना ओट्यावर विचारतायत, हिलालना कितवा नंबर.

"काय सांगता येस, नाना," मी म्हणालो. "पेपर कठीण व्हता. भरवसा नही."

एवढंच. खोटं म्हणावं तर खोटंही नव्हतं. मग नानांनी हिलालला पुढे बोलावलं, त्याच्या हातात नारळ आणि फावडं दिलं. हिलालने फावडं कपाळाला लावलं. तो माझ्याकडे पाहतो का ते मी पाहत होतो. त्याने पाहिलं नाही. निंबाआबा डाव्या हाताने डोळे पुसत होते.

निकाल जूनमध्ये लागला. धुळ्याहून वर्तमानपत्र आलं, मग एकाच टपालाने कॉलेजचं मार्कांचं पत्रक आणि पुण्याची यादी. गणितात हिलालला शंभरात ब्याण्णव, मला एकसष्ट. त्याचा नंबर पहिल्या वर्गात फार वर होता. पुण्याच्या यादीत माझं नाव लागलं, शेवटून तिसरं. हौदाच्या प्रश्नाचे मार्क नसते तर लागलं नसतं, हे मी आकडे मांडून पाहिलं. हिलालचं नाव यादीत नव्हतं, कारण त्याने अर्जच केला नव्हता. नानांनी पत्रक वाचलं. माझ्याकडे पाहिलं. उठून आत गेले. ओट्यावर माझ्यासाठी जागा रिकामी होती आणि मला तिथे बसवेना.

मी फडावर गेलो. पाऊस अजून यायचा होता, नदी आटत आली होती, पाटात गुडघाभरही पाणी नव्हतं. आमच्या उसाच्या वावराची पाळी चालू होती. हिलाल धोतर खोचून चारीच्या, म्हणजे पाटातून वावरात जाणाऱ्या चराच्या, तोंडाशी उभा होता, फावड्यावर हात ठेवून. मी बांधावर उभा राहिलो आणि त्याला त्याचे मार्क सांगितले.

"चांगलं व्हयनं," तो म्हणाला. "तुना?"

मी सांगितलं. पुण्याचंही सांगितलं. तो हसला, खरोखर हसला. मला सहन झालं नाही. मी भडाभडा बोलून गेलो. वहीतले कॉन्स्टंट मीच खोडले होते. आखाजीला मीच जाणूनबुजून तसं म्हणालो. नानांना सांगतो, पंचांना सांगतो, तू सुटून ये, अर्जाला उशीर झाला असला तरी मी प्राचार्यांच्या पाया पडतो.

"आखाजीना शब्द शे," तो म्हणाला. "आबाना हात उठस नही. पुढली आखाजीले देखू." मग पाण्याकडे बघतच म्हणाला, "आनि वहीनं माले ठाऊक व्हतं. उन्हमा खोडेल दिसे. एकदाव खोडेल ऱ्हातं तं मी चूक म्हनतू. तेवीस जागे खोडेल व्हतं. मी मोजं."

अंगणात त्याने वही तिरपी का धरली होती ते मला आता कळलं.

"मंग माले शिकाडं कसाले?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता. रागावलेला मीच होतो.

हिलालने माझ्याकडे पाहिलं. तो प्रश्न त्याला विचित्र वाटला असावा.

"पाणी कोना वावरमा जास, हाई पाटकरी देखस का?" तो म्हणाला.

त्याने खाली वाकून उसाच्या बुडाशी बोट घातलं, ओल पाहिली, पाटातल्या पाण्याचा जोर पाहिला, मनात काही जुळवलं. मग चार फावडी माती टाकून आमच्या वावराचं तोंड बंद केलं आणि शेजारच्या वावराचं उघडलं. मी बांधावरून आमचं वावर पाहिलं. पाणी शेवटच्या सरीपर्यंत पोचलं होतं, इतर सगळ्यांच्या वावरात पोचलं होतं तितकंच. थोडं कमी दिलं असतं तर मला बरं वाटलं असतं.